योग्य ती सोय

"घरच्या माणसांत कसली फूटपट्टी लावता?" हे बकुळाच म्हणाली होती बरं का, दुसरं कोणी नाही.

परळच्या चाळीत तिची आणि धाकट्या दिराची, प्रफुल्लची, एकच खोली. नवरा गेला, चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि नवा फ्लॅट एकट्या प्रफुल्लच्या नावावर निघाला. बकुळा कोर्टात गेली. तिथे तडजोडीचं बोलणं सुरू झालं. तिच्या वकील संघमित्राताई म्हणत होत्या, "कुठली खोली, कुठवर राहायचं, सगळं लिहून घेऊ." पण समोर प्रफुल्ल मान खाली घालून बसलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून ह्या पोराला तिने न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. भीड आड आली. आपल्या कोकणातल्या माणसांना भांडताना तोंड आवरत नाही, पण नात्यात मोजमाप काढायचं म्हटलं की मेली लाज वाटते! शेवटी कागदावर एवढंच उतरलं, 'प्रफुल्लने वहिनीच्या राहण्याची योग्य ती सोय करावी.' सह्या झाल्या. बाहेर येऊन दोघं चहाही प्यायले.

फ्लॅटची चावी मिळाली आणि प्रफुल्लने सोय केली. गावच्या घरात! "कणकवलीला एवढं मोठं घर रिकामं आहे, वहिनी. हवा पण चांगली." अहो, बकुळा डबे करून पोट भरते, ती सगळी गिऱ्हाइकं परळची. गावी जाऊन काय माडांना जेवू घालणार?

पुन्हा कोर्ट. न्यायाधीशबाईंनी कागद नीट वाचला. "योग्य म्हणजे कुठे? किती जागा? तुम्ही दोघांनी जे ठरवलंच नाही, ते मी कसं ठरवू? याची अंमलबजावणी करता येणार नाही." आवाज मऊ होता, पण बकुळाची केस तिथेच संपली. राग प्रफुल्लचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या भिडेचा होता.

जिन्यापाशी प्रफुल्लने तिला गाठलं. जिंकलेल्या माणसाला गोड बोलायला काय जातंय? "वहिनी, मनात काही ठेवू नका हां. गणपतीला या. घर तुमचंच आहे."

बकुळा थांबली. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत.

"संघमित्राताई, जरा कागद-पेन द्या. भाऊजी, आत्ता बोललात तेवढंच लिहा. आणि खाली खोली कुठली ते घाला."

प्रफुल्ल कसनुसं हसला. "काय वहिनी! घरच्या माणसांत असं लिहून घेतात होय?"

"घेतात," बकुळा म्हणाली.

तिने पेन पुढे धरलं. प्रफुल्ल जिना उतरून गेला.