डोंगरांना हळदीचं आवतण

रंभा धवलारीण चिडली की गाते. आणि त्या शनिवारी ती अशी चिडली होती की विचारू नका.

धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. भटजी मंगलाष्टकांपुरता, बाकीचं लग्न हिच्या तोंडून लागतं. देवांना, मेलेल्या आजा-पणज्यांना, उंबराला, वेशीला, सगळ्यांना नाव घेऊन हळदीला बोलवायचं हे तिचं काम. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी करंजपाडा आहे, तिथे तर आणखी एक रीत. हळकुंडं घरच्या उखळात कुटायची नाहीत. गावामागच्या डोंगरावर, कातळातच खणलेलं एक उखळ आहे, त्यात कुटायची. आणि बोलावणं संपेपर्यंत मुसळ थांबता कामा नये. कोणी खणलं ते उखळ, देवाला ठाऊक. पण करंजपाड्याच्या प्रत्येक नवरीची हळद त्यातूनच आलेली.

आणि नेमक्या त्याच कातळावर कल्पेशशेठने सुरुंगाची भोकं पाडून ठेवली होती.

कल्पेशशेठ पनवेलचा बिल्डर, हल्ली खदानवाला. डोंगराची पलीकडची बाजू त्याने केव्हाच फस्त केली होती. आता अलीकडची, गावाकडची. गाव कोर्टात गेलं होतं आणि सोमवारी तारीख होती. पण शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सोमवारच्या आत एक जरी बार उडाला तरी इथली खदान चालू झाली असं म्हणायला तो मोकळा. मग चालू कामाला स्थगिती मिळेमिळेपर्यंत डोंगराची खडी होऊन ती रस्त्यावर पसरलेली असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शेठने शनिवार मुद्दाम धरला. गावात पूर्वी नावाच्या पोरीची हळद, सगळे मांडवात, वर डीजे लागलेला. बार उडाला तरी ऐकतंय कोण!

ही पूर्वी रंभाची नात. पूर्वीचा बाप धनेश, म्हणजे रंभाचा मुलगा, शेठच्याच खदानीवर डंपर चालवतो. बातमी त्यानेच आणली, जेवता जेवता. बारूदची गाडी आलीय, दुपारी पोरांना घरात ठेवा, दगड उडतील, एवढंच बोलला. भला माणूस, पण डोकं डंपरच्या सीटवर ठेवून घरी येणारा. रंभाने हातातला घास ताटात ठेवला आणि उठली.

"बायांनो, चला," ती मांडवात येऊन म्हणाली. "हलद कुटायची हाय."

"आता? मुहूर्त तर सांजचा हाय ना?"

"मुहूर्त मी सांगते तो. उठा!"

धवलारणीपुढे लग्नघरात कोणाचं चालत नाही. मुसळ निघालं, हळकुंडांचं सूप निघालं, हातात मोबाइल धरलेली नवरी निघाली आणि मागून पाड्यातल्या झाडून सगळ्या बाया निघाल्या. डीजेवाला बिचारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. वर कातळावर भोकांत कागदाचे बोळे कोंबलेले होते. बाया त्या भोकांच्या मधोमध फतकल मारून बसल्या. रंभाने हळकुंडं उखळात टाकली, मुसळ पडलं, आणि धवला सुरू झाला.

खाली लाल झेंडे लागले. भोंगा वाजला. पुन्हा वाजला. बाया हलल्या नाहीत. माणसं वर असताना भोकांत बारूद भरता येत नाही आणि दिवस मावळायच्या आत बारूदची गाडी परत गेलीच पाहिजे. या नियमापुढे शेठचाही इलाज नव्हता, कारण गाडी त्याची नव्हती. शेवटी तो स्वतः वर चढून आला, घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला.

"काकी, हे काय चाललंय? परमिशन आहे माझ्याकडे. सरकारी कागदात स्पष्ट लिहिलंय, गौण खनिज म्हणून."

रंभा गायची थांबली, मुसळ नाही थांबलं. बाया पाळीपाळीने कुटत होत्या.

"गौण म्हंजे काय रे?"

"म्हणजे... कमी महत्त्वाचं. सोनं नाही, लोखंड नाही. साधा काळा दगड."

"कमी महत्त्वाचा हाय, तर तुना एवढी घाई कशापायी?"

बाया अशा हसल्या की शेठचे कान लाल झाले. पण तो काही मूर्ख नव्हता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं.

"हसा. विमानतळ कशावर उभा राहिला? समुद्रात भराव कशाचा पडला? तुमच्या घराचा स्लॅब तरी कशाचा आहे? खडीचाच ना? दगड नको म्हणता, मग राहा झोपडीत! देश असाच बांधला जातो, काकी."

आता मला विचाराल तर या प्रश्नाला भलेभले गप्प होतात. स्लॅबखाली बसूनच आपण डोंगरासाठी हळहळतो. रंभा मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

"व्हय. माझ्या घरात बोरखडा हाय. पल्याडची ती टेकडी, खाली बोरी होत्या. तिची खडी माझ्या स्लॅबमधी हाय, मना ठावं हाय. आता तू सांग. तुझ्या बिल्डिंगीत कंचा डोंगर हाय?"

"आता हे कोण लक्षात ठेवतं!"

"मी ठेवते," रंभा म्हणाली. "जेवायचं तर कोनाचं खातो त्याचं नाव तरी घे. तू नाव बी घेत नाय, आनि ताटबी उचलून नेतोस." आणि तिने पुन्हा आवाज लावला. पण आता धवल्यात देव नव्हते, पूर्वज नव्हते.

"ये रे ये बोरखड्या, पोरीच्या हलदीला ये,
बोरी तुझ्या घेऊन ये, पाखरं तुझी घेऊन ये..."

बायांनी ओळ झेलली. मग सुसरखडी आली, तिच्याखालचा झरा आला. मग हुमणटेकडी, जिच्यावर रंभा लहानपणी गुरं घेऊन जायची. फुटून, भरडून, डांबराखाली आणि पाण्याखाली गेलेला एकेक डोंगर रंभा नाव घेऊन, मानानं, नातीच्या हळदीला बोलवत होती. तरुण पोरींना यांतली अर्धी नावंही माहीत नव्हती. पूर्वीने मोबाइल कमरेला खोचला आणि मुसळ हातात घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात-ओठ खाऊन कुटत होती.

शेठने खाली डंपरपाशी उभ्या धनेशकडे बघून हाक मारली, "धनेश! तुझ्या आईला उतरव खाली. नाहीतर उद्यापासून डंपर माझ्या गेटमध्ये आणू नकोस."

धनेश वर आला. आईपुढे उभा राहिला, मान खाली घालून.

"आये, चल ना. तुमचा हट्ट व्हतो आनि माझं पोट जातं."

"माझ्या अंगाला हात लावून उचल," रंभा म्हणाली. "उचलतोस? एवढे डोंगर उचललेस, आयेचं काय वजन हाय!"

धनेशने हात पुढे केला नाही. मागे वळलाही नाही. बायांच्या कडेला, एका भोकावर, मटकन बसला.

"अरे, बसतोस काय?" शेठ ओरडला.

ऊन कललं. बारूदच्या गाडीच्या ड्रायव्हरने खालून दोनदा हॉर्न मारला, वाट बघितली आणि गाडी वळवून निघून गेला. बायांनी ओरडून डोंगर डोक्यावर घेतला. शेठ मात्र हलला नाही. हरलेला माणूस जसा जास्तच सावकाश बोलतो तसा तो बोलला.

"बरं. आजची गाडी गेली. उद्या रविवारी सकाळी परत बोलावतो, उद्या तर लग्न आहे तुमचं. बघतो, किती गाता ते. काकींचा घसा बसलाय, नावंही संपत आली असतील."

ते खरं होतं. रंभाने तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पुन्हा प्रयत्न केला; काही नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मुसळ अडखळलं.

"थांबू नका!" धनेश उठून उभा राहिला. "शेठ, आयेची नावं तिच्या पायाखालची. ती फिरली तेवढीच तिला ठावं. मी वीस वरसं गाडी भरतोय. कंचा डोंगर द्रोणागिरीच्या गोदामांखाली गेला, कंचा तळोज्याच्या रस्त्यात गेला, कंचा तुमच्या टॉवरमधी गेला, मना सगळं ठावं हाय. उद्या पोरीचं लगीन इथंच लागंल, या कातळावर. सोमवारपरेंत आमी हिथून उठत नाय."

"पुरुष कधी धवला गातो का रे?" शेठ हसायला गेला.

"नाय गात," धनेश म्हणाला, आणि त्याने पहिल्या डोंगराला हाक घातली.

अगदी बेसूर. पण बायांनी ओळ झेलली.