शकुआत्याने न बोललेला आकडा

श्रुतिकाने मराठी घेऊन बी.ए. केलं, तेव्हाच घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्यांच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की पोरगी एकतर शाळेत शिकवेल नाहीतर कुठेतरी रिसेप्शनला बसेल. झालंही तसंच. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रिपोर्ट द्यायला बसू लागली. काम सोपं होतं, माणसं बरी होती. पण समोरच्या कॉम्प्युटरमध्ये पेशंटचं नाव टाकलं की नेमका त्याचाच रिपोर्ट बाहेर येतो, दुसऱ्या कुणाचा का येत नाही, हा प्रश्न तिला सुचला आणि मग काही केल्या सुटेना. हे कुणीतरी लिहून ठेवलं असणार. कोण लिहितं? कसं लिहितात?

तेवढ्यासाठी तिने सुट्टीच्या दिवशीचा प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला. तिथे एकदा तिने चाळीतल्या माणसांची नावं आठवतील तशी टाइप केली आणि सरांनी सांगितलेली एक ओळ खाली लिहून बटण दाबलं. सगळी नावं अ पासून ह पर्यंत गुमान ओळीत उभी राहिली. नळावर सुद्धा ही माणसं कधी ओळीत उभी राहिली नव्हती. श्रुतिका बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसली. एका ओळीत एवढं होतं?

वर्षभराने तिने लॅबची नोकरी सोडली. यज्ञेश नावाच्या माणसाची मुलुंडमध्येच छोटी कंपनी होती. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात पाच माणसं. बँकांत आणि दवाखान्यांत जी टोकनची मशीन असतात, नंबर दाखवणारी आणि पुकारणारी, त्यांचं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवायची. यज्ञेशने मुलाखतीत विचारलं, "गणित कसं आहे?"

"बरं नाही, सर."

"भाषा?"

"ती आहे."

"तीन महिने बघू," तो म्हणाला. "तुला जमतंय का ते तू बघ, आम्हाला जमतंय का ते आम्ही."

लॅबच्या मॅडमनीही निघताना सांगितलं होतं, "नाही रमलीस तर परत ये, खुर्ची ठेवते तुझी." पहिल्या दोन महिन्यांत ती खुर्ची श्रुतिकाला रोज आठवायची. शेजारी बसणारी ऋता तिच्याहून दोन वर्षांनी लहान, बोरिवलीची, इंजिनिअर. ती झपाझप टाइप करायची आणि मध्येच वळून समजावायची. ऋताने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण श्रुतिकाला समजायला वेळ लागायचा आणि त्याची तिला लाज वाटायची. हे आपलं काम नव्हे, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्याच सुमारास कंपनीला घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम मिळालं. आजवर त्यांचं मशीन फक्त इंग्रजी बोलत होतं. दवाखान्याला मराठी आवाज हवा होता. पूर्वीच्या कुणीतरी घाईघाईत मराठी आवाज भरून ठेवला होता. तोच लावून बघू म्हणून ऋता आणि श्रुतिका एका सकाळी तिथे गेल्या. ओपीडी माणसांनी भरली होती. अठ्ठावन्नपर्यंत दवाखान्याच्या शिपायाने हाका मारल्या होत्या. ऋताने मशीन चालू केलं.

मशीन म्हणालं, "टोकन क्रमांक पन्नास नऊ."

दारापाशी आधीच तपासून झालेल्या एक बाई औषधाची वाट बघत होत्या. त्यांचा नंबर पन्नास. त्या लगबगीने उठल्या. दुसऱ्या कोपऱ्यातून तशीच वाट बघणारे नऊ नंबरवाले आजोबाही उठले. दोघं एकदमच डॉक्टरांच्या दारात पोहोचले आणि "माका बोलावल्यानी" आणि "नाय हो, मला बोलावलंय" असं सुरू झालं. ज्याचा नंबर एकोणसाठ होता, तो तरुण आपली चिठ्ठी हातात धरून शांत बसून होता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

"वाट लागली," ऋता पुटपुटली आणि तिने मशीन बंद केलं.

ऑफिसला परतल्यावर ऋताने कोड उघडला. "बघ. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे वेगळे, मग दशक आणि एकक जोडायचं. फिफ्टी, नाइन. फिफ्टी-नाइन. ह्याने आवाज मराठी टाकले, नियम तोच ठेवला."

श्रुतिका त्या ओळींकडे बघत होती. पहिल्यांदाच तिला स्क्रीनवरचं सगळं समजत होतं. काय चुकलंय तेही समजत होतं, कारण चूक तिच्या भाषेत होती. "आपल्याकडे असं जोडता येत नाही गं," ती म्हणाली. "बेचाळीस, बावन्न, ब्याऐंशी. दोन प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप घेतो. आणि नऊ तर मागे बघतच नाही. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. तो पन्नासच्या घरात राहतो आणि नाव साठाचं लावतो."

ऋता हसली. "मग लिही नियम. नऊ आला की पुढचं दशक घे."

श्रुतिका दिवसभर लिहीत राहिली. एकोणतीस जमला, एकोणचाळीस जमला, एकोणनव्वदपर्यंत गाडी रुळावर होती. मग नव्याण्णव आला. तो एकोणशंभर नव्हता. नव्याण्णवाने नियम मोडला, म्हणून त्याच्यासाठी वेगळी अट. मग त्रेसष्टसाठी वेगळी, सहासष्टसाठी वेगळी. संध्याकाळपर्यंत कोड अंगावर येईल एवढा लांब झाला आणि तरीही मशीन सत्तरीत अडखळत होतं.

"माझ्याच्याने नाही होणार," ती म्हणाली.

ऋताने खुर्ची जवळ ओढली. "तुला लहानपणी अंक कुठल्या नियमाने शिकवले?"

"नियम कसला? पाठ केले."

"मग मशीनलाही पाठ करू दे ना."

श्रुतिकाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने दिवसभर लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. एक ते शंभर, प्रत्येक आकड्याचा स्वतःचा आवाज. नंबर आला की त्याचा आवाज उचलायचा, बस. शंभरच्या पुढे मात्र मराठीही जोडूनच बोलते: एकशे, दोनशे, आणि पुढे उरलेला आकडा. चार ओळींत काम झालं. एवढा मोठा गुंता एवढ्याशा जागेत मावला, हे बघून तिच्या अंगावर काटा आला. पुसण्यानेही काही घडतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता आवाज कुणाचा?" यज्ञेशने विचारलं. "स्टुडिओवाला शोधू?"

"माझी आत्या आहे," श्रुतिका म्हणून गेली. "गणपतीत मंडळाच्या हाऊजीचे नंबर तीच पुकारते. माईक नसला तरी शेवटच्या खोलीत ऐकू जातं."

शकुआत्या म्हणजे श्रुतिकाच्या वडिलांची, राजेशची, मोठी बहीण. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आयुष्य काढून आता निवृत्त, भावाच्या घरीच राहणारी. आपला आवाज मशीनमध्ये घालायचा आहे हे ऐकून तिने आधी नकार दिला, मग कुठली साडी नेसू विचारलं.

"आत्या, फोटो नाही, आवाज घ्यायचाय."

"अगो, आवाजाक पण साडी लागता," आत्या म्हणाली आणि ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून बसली.

रेकॉर्डिंगला ऋता आली. पंखा बंद, खिडकीला गोधडी, राजेशला बाहेर पाठवलेलं. तरीही शेजारचा कुकर दोनदा आकड्यांत शिरला. आत्याने पहिले एकवीस नीट म्हटले आणि मग हाऊजीच्या सवयीने ठणकावलं, "दोन बदकां, बावीस!" ऋता हसून हसून भिंतीला टेकली. पुन्हा घ्यावं लागलं. सत्तरीत आत्याचा घसा बसला, गरम पाणी पिऊन तिने एकोणऐंशी असा म्हटला की ऋताने डोळे मिटून घेतले. प्रत्येक आकडा आत्या पूर्ण, गोल, कुणालातरी समोर बसवून सांगितल्यासारखा म्हणत होती. शेवटी एकशे, दोनशे, तीनशे एवढे शब्द नुसतेच म्हणायला सांगितले, तेव्हा ती वैतागली. "दोनशे काय? पुढे काय ता सांग. अर्धवट कशाक बोलू?"

"पुढचं मी बघते, आत्या."

काही दिवसांनी दवाखान्यात मशीन पुन्हा लागलं. ह्या वेळी श्रुतिका आत्यालाही घेऊन गेली. दोघी मागच्या बाकावर बसल्या. यज्ञेश आणि ऋता खिडकीपाशी उभे होते. आज पुन्हा दोन माणसं दारात भांडली, तर उद्या लॅबला फोन करायचा, एवढं श्रुतिकाने पक्कं केलं होतं.

अठ्ठावन्नपर्यंत सुरळीत गेलं. मग "टोकन क्रमांक एकोणसाठ," आत्याचा आवाज म्हणाला.

एक बाई उठली. एकच. कुणाला न विचारता, चिठ्ठी पुन्हा न बघता सरळ आत गेली. मग साठ. मग एकसष्ट. लोकांनी मान वर करून बोर्ड बघायचंही सोडून दिलं. एका म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नव्हतं. त्याने सकाळी शिपायाला आपला नंबर विचारून तो तोंडाने घोळवत ठेवला होता. "त्र्याऐंशी, त्र्याऐंशी," तो स्वतःशीच म्हणत होता. आणि भिंतीवरून कुणीतरी तेच म्हटलं. म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहून "हो, आलो," असं उत्तर दिलं आणि काठी टेकत उठला.

ह्या माणसाला श्रुतिका ओळखत नव्हती. त्याला तिचं नाव कधी कळणार नव्हतं. तिने मुलुंडच्या खोलीत बसून चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या ओळी आता, ती नुसती हात बांधून बसलेली असताना, ह्या खोलीत एकेका माणसाला उठवून बरोबर दारापर्यंत नेत होत्या. उद्या ती इथे नसेल तेव्हाही नेतील. ती झोपलेली असेल, आजारी असेल, तरीही नेतील.

शकुआत्या मात्र सुरुवातीला आपल्याच आवाजाला लाजत होती. मग सरावली. मग तर प्रत्येक आकड्याला मान हलवून दाद देऊ लागली. ओपीडी लांबली. शंभर झाले, दीडशे झाले. दुपारकडे भिंतीवरून आवाज आला, "टोकन क्रमांक दोनशे सदतीस."

आत्याने मान हलवली आणि मध्येच थांबली. तिने श्रुतिकाचं मनगट धरलं. "ह्यो आकडो मी बोलाकच नाय."

"काय?"

"दोनशे सदतीस. मी बोलाक नाय गो! माका बरा आठवता. शंभरपर्यंत बोललंय, आणि ते अर्धवट शब्द. ह्यो कोण बोललो?"

"तूच," श्रुतिका म्हणाली. "तू 'दोनशे' म्हणालीस. 'सदतीस' म्हणालीस. ते जोडायला मी त्याला शिकवलंय."

आत्याची पिशवी मांडीवरून घसरली तरी तिचं लक्ष नव्हतं. "म्हंजे मी मेल्यावर पण," ती हळूच म्हणाली, "मी कधी बोललंय नाय तां बोलतलंय?"

असा विचार श्रुतिकाने केलाच नव्हता. तिच्या लेखी ती एक बेरीज होती. आता आत्याच्या तोंडून ऐकल्यावर त्या बेरजेकडे बघायची तिला क्षणभर भीतीच वाटली, देवळात गाभाऱ्याच्या अंधारात डोकावताना वाटते तशी.

"चालेल ना तुला?" तिने विचारलं. "नाहीतर काढू आपण. दुसऱ्या कुणाचा आवाज घालू."

आत्याने खोलीभर नजर फिरवली. टेकून बसलेली माणसं, मांडीवरची पोरं, औषधाच्या खिडकीपुढची रांग. भिंतीवरून तिचा आवाज पुढच्या माणसाला बोलावत होता आणि एक गरोदर बाई कमरेवर हात ठेवून उठत होती.

"सावकाश गो बाय, घाई करू नको," शकुआत्या तिला मोठ्याने म्हणाली. त्या बाईने आधी भिंतीकडे पाहिलं, मग वळून मागच्या बाकाकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तोच आवाज. ती तोंडावर हात घेऊन हसली. आजूबाजूच्या दोघाचौघांनीही वळून पाहिलं आणि कुजबुज पसरली की भिंतीतली बाई ती ही, मोरपंखी साडीतली. आत्या एवढी ताठ बसली की बाक वाजला.

"काढू नको," ती श्रुतिकाला म्हणाली. "बोलांदे तिका."

ओपीडी संपल्यावर यज्ञेश जवळ आला. "तीन महिने व्हायला अजून वेळ आहे," तो म्हणाला, "पण माझं बघून झालं. तुझं?"

"माझं आत्ताच सुरू झालंय, सर," श्रुतिका म्हणाली.

"म्हणजे राहतेस ना?"

"राहते."

"मग एक काम आहे. डॉक्टर किती वाजता येणार ते पण मशीनने सांगावं असं दवाखान्याचं म्हणणं आहे. सव्वादहा, साडेअकरा, पावणेबारा."

"पावणेबारा," श्रुतिका मनाशी म्हणाली. अजून न झालेले बारा, आणि त्यातून पाव काढलेला. पण साडेएक कुणी म्हणत नाही, दीड म्हणतात. साडेदोनही नाही, अडीच. आणि पावणेएकही नाही, नुसतं पाऊण. लहानपणापासून रोज तोंडात असलेले हे शब्द ती पहिल्यांदाच बघत होती. तिने ऋताला हाक मारली आणि दोघी जिना उतरता उतरताच भांडायला लागल्या की ह्याला नियम लिहायचा, की ह्यालाही पाठच करायला लावायचं.