डाव्या बाजूचे आटे

डाव्या चाकाचा नकल दादाला फसवून बसवलाय, हे चिमीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दादा तर हेल्मेट घालून गाडीत बसलासुद्धा होता.

नकल म्हणजे पुढचं चाक पेलणारा ओतीव लोखंडी तुकडा. गाडी घरी बांधता येते, नकल घरी ओतता येत नाही. तो मोडीत निघालेल्या गाडीतून काढून आणावा लागतो. चार वर्षं खपून दादाने शेडमध्ये नळ्या जोडल्या, स्पोर्ट्स कारचा सांगाडा उभा केला आणि पुढचं सस्पेन्शन निवडायचं काम बहिणीवर सोपवलं. चिमी चाळिशीची. कारखान्यात लेथ चालवते, केसाएवढ्या मापाशी तिचं रोजचं उठणंबसणं.

"सगळं एकाच गाडीतलं आण," दादाने बजावलं होतं. "नसेल तर रिकाम्या हातानं ये."

भंगारवाल्याकडे गाडी मिळाली, पण तिचा डावा नकल धडकेत वाकलेला. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी होती, दोन वर्षांनी नवी. चिमीने कॅलिपर लावला. जाडी तीच, भोकांमधली अंतरंही तीच. रिकाम्या हातानं परत जाऊन 'तुला नीट शोधताच येत नाही' हे दादाचं व्याख्यान ऐकायचा तिला जन्मभराचा कंटाळा होता. तिने दुसऱ्या गाडीचा नकल काढला, दोन्ही एकाच काळ्या रंगात रंगवले आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्याच्या केसभर चुकीवर कारखाना डोक्यावर घेणारी ही बाई!

आता ती शेवटची नजर टाकायला चाकाशी वाकली. उजवीकडे नटाबाहेर दोन आटे दिसत होते. डावीकडे पाच.

तिने बोट लावून पुन्हा मोजले, पाचच. म्हणजे नकलला गाडीशी जोडणारी बॉल जॉइंटची निमुळती पिन जास्त खोल गेली होती. म्हणजे नव्या नकलचं भोक मोठं होतं. तिने सगळं मोजलं होतं, फक्त त्या भोकाचा आतला उतार मोजला नव्हता. पिन कुठेतरी एका कडेवर टेकली असणार. वळणावर जोर आला की चाक एकीकडे आणि दादा दुसरीकडे.

इंजिन गुरगुरलं. वहिनीने फाटक उघडलं. बाहेर सरळ उतार, आणि उताराच्या टोकाला वळण.

"चिमे, हो बाजूला!"

पेट्रोल गळतंय म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. तासभर मिळाला असता, गुपचूप काहीतरी करता आलं असतं. तिला स्वतःचीच किळस आली. ती बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडीसमोर उभी राहिली.

"बंद कर. डावा नकल दुसऱ्या गाडीचा आहे. मी तुला सांगितलं नाही."

इंजिन बंद झालं. दादा खाली उतरला. नाकावर राग असलेला हा माणूस, पण त्याने जॅक लावला, पिन सोडवली. चिमीने पिनेवर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला, ती भोकात दाबून बसवली आणि बाहेर काढली. नीट बसणारी पिन भोकभर निळं उमटवते. इथे काठाला नखाएवढं कडं उमटलं होतं, बाकी लोखंड कोरडं ठणठणीत.

वहिनीने फाटक लावून घेतलं.

"ओरड ना," चिमी म्हणाली.

"उजवी बाजू काल मी तीनदा तपासली," दादा म्हणाला. "ती मी बसवली होती. डावी तू बसवलीस, म्हणून हातही लावला नाही."

आपल्या कामावर ह्या माणसाचा काडीचा भरवसा नाही, असं समजून तिने हे सगळं केलं होतं. तिला रडू कोसळलं.

"यापुढे माझंही तपासत जा," ती कशीबशी म्हणाली.

दादाने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"माप तपासीन गं. तू जे सांगतच नाहीस, ते कुठल्या कॅलिपरनं तपासू?"

चिमीने पाना उचलला आणि डावा नकल सोडवायला घेतला.