मेंदीची पितळी तोटी

मित्रांनो, मी तुमच्या करंगळीच्या नखाएवढीच आहे, पण बंगळूरच्या कितीतरी नवऱ्यामुलींचे तळहात मी सजवले आहेत. मेंदीच्या कोनाच्या टोकाला बसणारी मी एक जुनी पितळी तोटी.

माझा जन्म १९९१ साली बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे नागनाथ लेथवर काम करायचा. बिदरजवळच्या भालकीकडून आलेला, फार न बोलणारा माणूस. त्याची बायको महानंदा लग्नघरी जाऊन मेंदी काढायची. कोनाचे टोक मध्येच फाटायचे, रेघ जाड व्हायची आणि ती वैतागायची. म्हणून नागनाथने मालकाला विचारून पितळेचा एक उरलेला तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मला घडवले. माझे बारीक भोक पाडताना त्याची तीन ड्रिल मोडली. घरी येऊन त्याने मला तिच्या हातात ठेवले आणि एवढेच म्हणाला, "बघ, जमतंय का."

जमले की! माझ्यातून केसासारखी रेघ उतरू लागली. आम्ही राहायचो त्या दासरहळ्ळीतल्या बायका म्हणत, "अक्का, तुझ्या हाताला तोड नाही." महानंदा हसायची आणि प्रत्येक कामानंतर मला कोमट पाण्यात धुऊन पुसून ठेवायची. ती पाच वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड वर्षे होती.

मग नागनाथला कावीळ झाली. पंधरा दिवसांत तो गेला.

दोन महिन्यांनी शेजारच्या जमनाबाई दारात आल्या. त्यांच्या मुलीची मेंदी महानंदाच काढणार, असे आधीच ठरले होते. त्या खाली बघतच म्हणाल्या, "तू नको येऊस गं. आमच्याकडची माणसं नावं ठेवतील." नवरा गेलेल्या बाईने नवरीचा हात धरायचा नाही, असा तो हिशेब! पुढे कोणाचेच बोलावणे येईना. सासू कस्तुराबाई स्वतः तिशीत विधवा झालेल्या. त्यांनी मला उचलले, एका डबीत घातले आणि म्हणाल्या, "संपलं ते आता. जीव जाळून घेऊ नकोस."

महानंदा एका कारखान्यात स्क्रूंची पाकिटे भरू लागली. मी डबीत हिरवी पडत गेले. कधी कधी बाहेरून कस्तुराबाईंचा आवाज यायचा, "कणकेवर हे काय गिरवलेलं हाताला लागतंय गं?" ते ऐकून मला फार वाईट वाटायचे.

वर्षभराने तिची मैत्रीण श्यामला तिला आपल्या ओळखीच्या कुंभाराकडे, परसूअण्णाकडे, घेऊन गेली. तिथे कोऱ्या मडक्यांची रांग होती. महानंदा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, यावर वेल काढू? पांढऱ्या मातीने?"

दुसऱ्या दिवशी तिने मला डबीतून काढले, चिंचेने घासले आणि कोनात मेंदीऐवजी पातळ कालवलेली माती भरली. पण पहिली सहा मडकी वाया गेली. नक्षी वाळली आणि पापडासारखी सुटून पडली. महानंदाच्या डोळ्यांत पाणी आले.

"स्वल्प थांबा अक्का," परसूअण्णा आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "सुकलेल्या मडक्यावर माती धरत नाही. ओलं असतानाच काढा."

"सरी अण्णा, ओलंच घेते," ती म्हणाली आणि नवे मडके पुढे ओढले.

या वेळी नक्षी टिकली. भट्टीतून मडके बाहेर आले तेव्हा लाल मातीवर पांढरी, उठावाची वेल चढलेली होती. मेंदी चार दिवसांत फिकी व्हायची, ही वेल मात्र मडके फुटेपर्यंत राहणार होती! महानंदाने ते उराशी धरून घरी आणले.

कस्तुराबाईंना मोतीबिंदूमुळे कितीतरी वर्षांपासून फारसे दिसत नव्हते. सुनेची मेंदी त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्यांनी मडक्यावरून बोट फिरवले. ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे सरकले.

"ही पानं. ही कळी. आणि हा मोर, होय गं?"

"होय, आत्या."

"मान वळवून बघतोय की हा!" त्या पुटपुटल्या. कितीतरी वेळ त्यांचे बोट मोरावरच होते. मग त्यांचा आवाज बदलला. "एवढं तुझ्या हातात होतं आणि मी ते डबीत कोंडलं. चुकलं माझं."

महानंदा जवळ सरकली. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"मेंदी भिजव," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझ्या हातावर काढ. चाळीस वर्षं कोरा आहे."

"लोक काय म्हणतील, आत्या?"

"लोकांना मी दिसते. मला कुठे लोक दिसतात?"

दोघी हसता हसता रडल्या. त्या दुपारी सुरकुत्यांच्या तळहातावर मी अगदी हळू चालले. मेंदी सुकेपर्यंत कस्तुराबाई हात नाकाशी नेऊन पुन्हा पुन्हा वास घेत होत्या. संध्याकाळी हात धुतल्यावर त्या स्वतः जमनाबाईंच्या दारी गेल्या, दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाल्या, "बघा तरी, रंग कसा चढलाय ते. मला दिसत नाही, तुम्हीच सांगा."

जमनाबाईंनी ते हात हातात घेतले. "फार सुंदर चढलाय," त्या हलकेच म्हणाल्या.

मित्रांनो, हत्यारे धुऊन पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून जपायचा असतो तो ती चालवणारा हात. तुमच्या घरात असा एखादा हात थांबला असेल, तर आज त्याच्यासमोर बसा आणि आपला हात पुढे करा.