साठच्या खाली

माणूस कसा आहे, हे मला त्याच्या हजेरी-कार्डावरून कळतं. भोसरीच्या आमच्या कंपनीत टाइम ऑफिसला सोळा वर्षं काढली. दुसरं काही शिकलो नाही. १९७४ साली ज्योतीरामचं कार्ड पाहिलं तेव्हा मात्र मला ते खोटं वाटलं. टेम्पररी कामगार, राहायला चऱ्होलीत, सकाळची शिफ्ट, आणि सहा महिन्यांत एकही लेटमार्क नाही.

"येतोस कशावर रे?"

"पायांवर," तो म्हणाला.

खरंच पळत यायचा. कामाचे कपडे पिशवीत, पिशवी पाठीला बांधलेली. पाच मैल येताना, पाच जाताना, मधे आठ तास प्रेसवर उभा. रविवारी सुट्टी म्हणून आळंदीच्या पलीकडे जाऊन यायचा. "न्हाई पळलो तर अंग आंबतं, हरिभाऊ," असं वर मलाच सांगायचा.

ही बातमी पर्सोनेल ऑफिसर अर्जुनरावांच्या कानावर गेली. अर्जुनराव म्हणजे फुकट मिळालेली वस्तू कधी परत न करणारे गृहस्थ. जानेवारीत कारखान्या-कारखान्यांची दहा मैलांची शर्यत असे. त्यांनी ज्योतीरामला कंपनीचं नाव छापलेला बनियन घालून उभं केलं. तो पहिला आला. दुसरा आला तेव्हा याचं पाणी पिऊन झालं होतं. फोटोत कप अर्जुनरावांच्या हातात आहे. ज्योतीराम कडेला, अर्धा कापलेला.

"या पोराला पर्मनंट करणार!" अर्जुनरावांनी तिथंच माइकवर सांगून टाकलं.

आमच्याकडे टेम्पररी म्हणजे सहा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर उभं राहायचं. ज्योतीरामचे असे तीन ब्रेक झाले होते आणि बायको कस्तुराला पाचवा महिना होता. पर्मनंट या शब्दाची किंमत त्याला कुणी सांगायला नको होती. मधे राहिली होती फक्त कंपनीच्या डॉक्टरची सही.

डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा धरलं. नाडी बेचाळीस. फॉर्मवर छापलेलं होतं साठ ते नव्वद. एक्स-रे काढला, तर काळीज नेहमीपेक्षा मोठं. शेरा पडला: अनफिट, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

आता मी पडलो हुशार माणूस. डॉक्टरांना गळ घालून त्याच आठवड्यात फेरतपासणी मिळवली आणि ज्योतीरामला सांगितलं, "आत जायच्या आधी शेडला तीन चकरा मार. नाडी चढेल." त्यानं पाच मारल्या. पण दारात होता कंपाउंडर भैरू. नियमाचा पक्का. "दोन मिनिटं बाकावर बसायचं, मगच आत." दोन मिनिटं त्या काळजाला पुरली. सेहेचाळीस.

"चार ठोके वाढलेत," डॉक्टर म्हणाले. "सुधारणा आहे."

बाहेर येऊन ज्योतीरामनं छातीवर हात ठेवला. "बेइमान हाय बघा. एवढं पळवलं, तरी दमतच न्हाई."

मी एकटाच डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं.

"अहो हरिभाऊ, पळणाऱ्याचं काळीज असंच होतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग त्याला घाई कशाला? तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे तो."

"मग तसं लिहा ना."

"आणि उद्या मशीनवर पडला तर? तेव्हा काळीज कोण बघतो, फॉर्म बघतात." मग चष्मा पुसत म्हणाले, "पळणं बंद करा म्हणावं. बसून राहिला की नाडी आपोआप चढेल."

हा सल्ला मी ज्योतीरामला स्वतःच्या तोंडानं दिला. त्यानं पाठीची पिशवी सोडून हातात घेतली.

"म्हंजे मी आजारी न्हाई. पण आजारी दिसू नये म्हणून बसायचं?"

"नोकरी पाहिजे ना?"

"व्हय."

"मग बस."

बसला. ब्रेकचे तीन महिने घरात, ओट्यावर. एकदा मी चऱ्होलीला गेलो तर पाहुण्यासारखा चहा पीत होता. कस्तुरा खूश होती. "भाऊजी, आधी यांच्या छातीला कान लावला की भ्याव वाटायचं, दुसरा ठोका येतोय का न्हाई. आता कसं, चारचौघांसारखं वाजतंय." ज्योतीराम हसला नाही. ओट्यावरून उठला तेव्हा गुडघ्याला हात लावून उठला, वय सत्तावीस.

मे महिन्यात नाडी चौसष्ट भरली. फिट. खाली डॉक्टरांनी बारीक अक्षरात जोडलं: वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासावे. त्या एका ओळीनं पळणं कायमचं मिटलं. ज्योतीराम बसनं येऊ लागला आणि कार्डावर पहिला लेटमार्क पडला. मी लाल शाईनं केला, तेही कामच.

पुढच्या जानेवारीत अर्जुनरावांनी शर्यतीला त्याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

"साहेब, मी आता पळत न्हाई."

"अरे वा! मग पर्मनंट कशासाठी केलंय तुला? मशीन तर कुणीही चालवतं."

तो पळाला. मी पाण्याची बाटली घेऊन सायकलवर मागे होतो. मोशीच्या रस्त्याला पाचव्या मैलावर तो थांबला आणि मैलाच्या दगडावर बसला. तोंड पांढरंफटक. गेल्या वर्षी मागे टाकलेले एकेक करून समोरून गेले. अर्जुनरावांची जीप आली, वेग जरा कमी झाला. "पाहिलंत हरिभाऊ? पर्मनंट झाले की हे असं होतं!" जीप गेली.

मी त्याचं मनगट धरलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. मोजत राहिलो. एकशे बाराच्या खाली येईना.

"किती हाय?" त्यानं विचारलं.

"बहात्तर," मी म्हणालो.

त्यानं हात सोडवून घेतला. "फॉर्मवर तेवढंच लिवा," म्हणाला, आणि दगडाला धरून उठायला लागला.