खाडी वेळेवर आली होती

पंढरीच्या नातवाने, हितेशने, मला गोदामात बोलावलं ते हमालांना इथे भूत नाही हे सांगायला. मी शाळेच्या ग्रंथालयात कारकून होतो. आयुष्यात एक तास शिकवला नाही, तरी गाव मला मास्तरच म्हणतं.

खाडीकाठच्या आमच्या खारजमिनीवर भराव पडून आता गोदामं उभी आहेत. हितेशने कोपऱ्यातली एक सैल लादी दाखवली.

"पुनव-अवस आली की ही हलते. खालून पाणी येतं. हमाल म्हणतात, नीचे कोई ठोकता है. मी म्हटलं, एवढी वर्षं राहतोय तर भाडं तरी देऊ दे. कोणी हसलं न्हाय. चौघे काम सोडून गेले. तुमी पुस्तकवाले, तुमीच समजवा."

भिंतीशी खुर्चीवर पंढरीची बायको, सीतावहिनी बसल्या होत्या. आता ऐंशीच्या पुढे असतील.

मी मोडक्या हिंदीत सांगितलं. चंद्र समुद्राला ओढतो. पुनवेला आणि अवसेला सूर्यही त्याच रेषेत येतो, म्हणून पाणी जास्त चढतं. समुद्र खाडीतून आत येतो. खाडी फुगली की भरावाखालच्या चिखलातलं पाणीही वर सरकतं, वरची हवा कोंडते आणि लादीला धक्के देते. चाखून पाहा, खारट लागेल.

एकाने पंपाशी साचलेलं पाणी चाखलं आणि थुंकला. "समंदर इतनी दूर आता है?"

"दिन में दो बार," मी म्हणालो.

सगळं खरं होतं. पाणी याच कोपऱ्यात का येतं, एवढं मात्र मी सांगितलं नाही.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी इथे खारं पाणी अडवणारा बांध होता. आश्विनात भात पिवळं पडत असताना त्याला इथेच खांड, म्हणजे भगदाड, पडली. नंतर ती दगडमाती लोटून कशीबशी बुजवली, म्हणून पाण्याला अजून वाट सापडते. खांड ओहोटीत बांधायची असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे सगळ्यांना येतं. पण पंढरीने मला विचारलं. पंचांगात तृतीया होती. तिनाची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. पाणी बांधाला टेकतं ते भरतीच्या दोन तास आधी. "सव्वाबारापर्यंत खुशाल काम करा," असं सांगून मी शाळेत गेलो.

साडेअकरालाच पाणी लागलं. बाकीचे बांधावर चढले. पंढरी खांडीत रोवायची मेढ, लाकडी खांब, धरून कमरेएवढ्या चिखलात होता. ओली माती त्याच्यावर ढासळली. संध्याकाळच्या ओहोटीला सापडला.

"उद्या किती वाजता येईल?" हितेशने विचारलं.

"उद्या द्वितीया. दीड."

त्याने मोबाईल पाहिला. "हा पण तेच सांगतोय. पाच मिन्टं इकडंतिकडं."

"मास्तरांचं चुकत न्हाय," सीतावहिनी म्हणाल्या. "त्या दिशी खाडीच खोटी वागली. वेळ मोडून आली. तवापासून मी तिला नारळ दिला न्हाय."

हे गावाला ठाऊक होतं. त्रेचाळीस नारळी पुनवा त्या दार लावून घरात बसल्या. मलाही ठाऊक होतं, आणि मी त्या रुसव्याच्या आडोशाला राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "खाडी वेळेवर आली होती."

त्यांनी मान वर केली.

"त्या वेळी द्वितीयेचा क्षय होता. पंचांगात प्रतिपदेनंतर एकदम तृतीया आली. मी पंचांगाबरोबर उडी मारली. चंद्र उडी मारत नाही. तो रोज जेवढा मागे पडतो तेवढाच पडतो. भरती दीडलाच होती. क्षय लिहिलेला होता, बारीक अक्षरात. मी वाचला नाही."

"तुमाला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

हितेश पंप बंद करायचं निमित्त करून बाहेर गेला.

"मी भाकर घेऊन बांधावर आलेली," त्या म्हणाल्या. "वर या म्हटलं. ते म्हणाले, झाकून ठेव, मास्तरने सांगितलंय, अजून पाऊण तास हाय."

मी हात जोडले असावेत. त्यांनी पाहिलं नाही.

"उद्या दीडला या."

जाऊ नये असं सकाळभर वाटत होतं. गेलो. वहिनी लादीपाशी जमिनीवर बसल्या होत्या, मांडीत नारळ. हमाल दाराबाहेर उभे होते. एकच्या सुमारास खालून आवाज सुरू झाला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

"किती वाजले?"

"एक पंचवीस."

लादीच्या कडेने पाणी आलं, पातळ, मातकट. वहिनींनी त्यात तळवा टेकवला.

"किती?"

"दीड."

त्यांनी नारळ न फोडता पाण्यात ठेवला. "मी हिला उगाच बोल लावला," त्या म्हणाल्या. "हिचा हिशेब मिटला. तुमचा न्हाय."

पाणी वर आलं की हवा निघून जाते, आवाज थांबायला हवा. माझ्या पुस्तकात तरी तसंच आहे. टक, टक चालूच होतं. वहिनींना ऐकू येत होतं की नाही, मी विचारलं नाही.

"पुढच्या उधाणाला कवा?"

मी पंचांग उघडलं, चष्मा पुसला आणि आधी बारीक अक्षरं वाचली. "अवस म्हणजे शून्य. बाराला."

"या," त्या म्हणाल्या. "दर वेळी या. मला वेळ सांगायला कोणी न्हाय."