दुपट्याच्या घडीतले तांदूळ

केसरबाईनं उभ्या आयुष्यात कुणाच्या मापात पाप केलं नव्हतं. शेजारणीला पायलीभर तांदूळ उसने दिले तर वर मूठभर जास्तीच टाकायची, आणि ते गावभर सांगायचीही. साठी जवळ आल्यावर तिनं मापात पाप केलं ते एकदाच, आणि तेही सख्ख्या नातीच्या.

नात महिनाभर आधीच आली होती. जन्मली तेव्हा एकोणीसशे ग्रॅम. दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा सुनेला, दीपिकाला, बजावून सांगितलं होतं की पोरीला उघड्या छातीशी धरून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं, आणि ओढायला थकली तर दूध काढून वाटी-चमच्यानं द्यायचं. केसरबाईचा मुलगा दिनेश माजरीच्या कोळसा खाणीत डम्पर चालवायचा. तो दोन दिवस राहिला, पोरीकडे लांबूनच बघत राहिला आणि सुट्टी संपली तसा गेला. सासरे गुलाबराव ओसरीतून दर तासाला 'पेली का?' एवढंच विचारायचे. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायची त्यांची छाती नव्हती.

म्हणजे काम उरलं दोघींवर. रात्र आणि सकाळ दीपिकाची, पहाट आणि दुपार केसरबाईची. छातीशी धरायचं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केसरबाई पदर तोंडाला लावून हसली होती. पण एकदा ते मूठभर लेकरू तिच्या उघड्या छातीवर पालथं पडलं, त्याचं ऊन ऊन नाक गळ्याला लागलं, आणि बाई अशी मऊ पडली की विचारू नका. मग ती आपल्या पाळीच्या दहा मिनिटं आधीच ब्लाउजची बटणं काढून बसायला लागली. "माह्या अंगावर जास्त गरम राह्यते पोट्टी," असं सुनेला ऐकवायचीही. दीपिका हसायची. सासू-सुनेत इतकं गोड कधी नव्हतं.

सातव्या दिवशी नूतन आली. नूतन ही गावची आशाताई, चार घरं सोडून राहणारी. तिच्या पिशवीत झोळीचा काटा असायचा. जानेवारीची थंडी, दारातून झोंबणारा वारा. म्हणून तिनं पोरीला दुपट्यासकट झोळीत ठेवलं, मग नुसतं दुपटं तोललं आणि वजा केलं.

"अठराशे दहा," ती म्हणाली आणि दुपट्याचं न् पोरीचं वजन वहीत लिहिलं. "वैनी, दवाखान्यातून सोडताना अठराशे वीस होती. आता वाढाले पायजे. तीन दिवसानं येतो मी. तवाही नाई वाढली तर परत भरती कराव लागन."

दीपिकानं मान हलवली. केसरबाईनं मात्र पोरीला झोळीतून उचलून पदराखाली घेतलं.

दवाखाना म्हटलं की तिला एकच दिसायचं. एकतीस वर्षांपूर्वी, दिनेशच्याही आधी, तिला एक मुलगा झाला होता. बैलबंडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी तशाच बंडीतून ती रिकाम्या ओटीनं परत आली. "दवाखान्यात नेला नि दवाखान्यानंच खाल्ला," असं ती तेव्हापासून सांगत आली होती. गावानं इतक्यांदा ऐकलं होतं की आता कुणी पुढचं विचारतही नव्हतं.

तीन दिवस तिनं सुनेला हळिवाची खीर चारली, सगळ्या देवादिकांना आणि बुद्धालाही हात जोडले. पण पोरीच्या मांड्या हाताला लागत होत्या त्या तशाच, पातळ. बाईच्या हाताला कळतं. दहाव्या दिवशी सकाळी दीपिका न्हाणीत गेली तेव्हा केसरबाईनं ते दुपटं घेतलं, त्याच्या दुहेरी काठाची शिवण चार बोटं उसवली, आत तीन मुठी तांदूळ सारखे पसरले आणि टाके परत घातले. नूतन आता दुपटं पुन्हा तोलणार नाही, वहीतलं मागचंच वजन वजा करणार, हे तिनं बरोबर हेरलं होतं. अडाणी म्हणणाऱ्यांनी तिच्याकडून शिकावं अशी ती हुशारी.

झालंही तसंच. काटा बघून नूतनचा चेहरा उजळला.

"अठराशे नव्वद! अवं वैनी, ऐंशी ग्रॅम वाढली नं पोट्टी!"

दीपिका रडायलाच लागली. गुलाबरावांनी ओसरीतून "का झालं?" म्हणून हाक मारली आणि कळल्यावर शेजारच्या लटारूला बोलावून चहा पाजला. नूतननं वहीत लिहिलं आणि जाता जाता म्हणाली, "आता वाटी-चमचा राहू दे. अंगावरच पेऊ दे, ताकद आली तिले. तूही जराशी झोप घे."

हे मात्र केसरबाईच्या हिशेबात नव्हतं. तिला वाटलं होतं, खोटं काट्यापुरतंच राहील. खोटं असं सांगितल्या जागी बसत नसतं. त्या दिवसापासून दीपिका निर्धास्त झाली. दहा दिवसांची जागी बाई, ती दोनाचे तीन तास झोपायला लागली. पोरगी दोन घोट ओढायची आणि डोळे मिटायची. "पोट भरलं वाटते," असं म्हणून दीपिका तिला खाली ठेवायची. केसरबाई चमचा पुढे करायची तर सून म्हणायची, "राहू द्या न आई, ताईनं नाई म्हटलं नं."

आता काय बोलणार? बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी दुपारी केसरबाईनं पोरीला छातीशी घेतलं आणि तिचे तळपाय हातात धरले. गार होते. अंगावर घेऊनही गार. गालाला बोट लावलं की पोरगी रोज तोंड वळवायची, आज वळवलं नाही. केसरबाईनं गाल चोळला, तळव्याला टिचकी मारली. पोरीनं भुवई जराशी आखडली आणि पुन्हा सैल सोडली. रडली नाही.

केसरबाईला हे ओळखीचं होतं. एकतीस वर्षं ज्याच्याकडे पाठ करून बसली होती तेच तिच्या मांडीवर येऊन निजलं होतं.

ती उठली. दीपिका बाजेवर पडली होती, तिला हलवलं.

"दीपिका, ऊठ. पोट्टी पेऊन नाई राह्यली. दवाखान्यात न्याव लागते."

"आत्ता तर वजन वाढलं होतं..."

"नाई वाढलं. ते वजन खोटं होतं."

दीपिका उठून बसली. केसरबाईनं पोरीला तिच्या हाती दिलं, दुपटं ओढलं आणि काठाची शिवण दातानं फाडली. तांदूळ बाजेवर सांडले.

"काऊन?" दीपिकानं ते दाणे मुठीत धरले. "काऊन केलं तुमी असं?"

केसरबाई अनवाणीच नूतनच्या घरी धावली. नूतन भात खात होती, ती उष्ट्या हातानं उठली. तिनं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, पोरीला दीपिकाच्या उघड्या छातीशी घट्ट बांधलं, वरून घोंगडं घातलं. सगळं ऐकल्यावर ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, माह्या वहीत खोटं लिहाले लावलं तुमी मले. मी तिचा चमचा बंद केला नं." हे शब्द केसरबाईला थपडेपेक्षा जास्त लागले.

गाडीत दीपिका एकटी एका बाजूला बसली. रस्त्यात एकदा केसरबाईनं भीत भीत विचारलं, "थकली असशीन. मी घेऊ का थोडा वेळ?"

"नाई," दीपिका म्हणाली. बस्स, तेवढंच.

दवाखान्यात पोरीला लगेच आत नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, दीपिकाच्याच वयाची. अर्ध्या तासानं ती बाहेर आली.

"सतराशे वीस आहे वजन. अंग गार पडलंय, साखर उतरलीये. नळीनं दूध सुरू करतोय. पण वेळेत आणलंत तुम्ही. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं."

'वेळेत आणलंत' हे केसरबाईनं त्या डॉक्टरला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पुढचे तीन दिवस पोरगी काचेच्या पेटीत होती. केसरबाई डबा आणायची, कपडे धुवायची, सुनेच्या पाठीशी उशी सारायची. दीपिका 'हो', 'नाई' एवढंच बोलायची. वजनाची वेळ झाली की केसरबाई स्वतःहून बाहेर वऱ्हांड्यात जाऊन उभी राहायची. काट्याच्या आसपास दिसायची तिला लाज वाटत होती. वजन रोज जरा जरा चढत होतं. चौथ्या दिवशी पोरीला छातीशी धरायला बाहेर दिलं आणि दीपिकानं तिला घेतलं ते सकाळपासून दुपारपर्यंत. बायकोनं काय केलं ते गुलाबरावांनाही कळलं होतं. डब्यासाठी ती घरी आली की ते ओसरीतून उठून जायचे.

त्या दुपारी केसरबाई सुनेच्या खाटेशी खाली बसली.

"तुले एक सांगतो," ती म्हणाली. "माह्या पहिल्या पोराले दवाखान्यानं नाई खाल्लं. तो दुसऱ्याच दिवशी प्यायचा थांबला होता. यायनं, तुह्या सासऱ्यायनं, तिसऱ्या दिवशी बंडी जुंपून दारात आणली. मीनंच म्हटलं, पाचवी झाल्याबिगर बाळंतीण उंबरठा नाई ओलांडत. पाचवी केली न मंग नेलं." पदराचं टोक तिच्या बोटात पिळलं जात होतं. "डॉक्टर म्हणे, बाई, उशीर केला. तवापासून मी लोकाईले दुसरंच सांगत आली. माहं मलेच खरं वाटाले लागलं होतं. हिच्या टायमालेही मी भेली ते दवाखान्याले नाई. पुन्हा कोणी 'उशीर केला' म्हणन, त्याले भेली. आन् भिऊन तेच करून बसली."

दीपिकाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, मान झुकत होती आणि ती झटक्यानं सावरत होती. शेजारच्या खाटेवरची बाई उगाच पिशवी आवरू लागली.

मग दीपिकानं घोंगडं बाजूला केलं.

"माहे डोळे मिटून राह्यले, आई," ती म्हणाली. "बटणं काढा. घ्या तिले."

केसरबाईला आधी ऐकलेलं खरंच वाटलं नाही. तिला पहिलं बटण सापडेना, ते दीपिकानंच काढून दिलं. पोरगी छातीवर आली, तशीच मूठभर, तशीच ऊन. दीपिका आडवी झाली. सासूकडे पाठ केली नाही, तोंड करूनच झोपली, आणि दोन श्वासांत तिला गाढ झोप लागली. केसरबाईनं मनाशी ठरवलं, छत कोसळलं तरी हिला उठवायचं नाही. पाय आखडला, पाठ भरून आली, तरी ती हलली नाही.

तासभर गेला असेल. पोरीनं अंग ताणलं. मान जराशी उचलली, नाक इकडून तिकडे घासलं, आणि तोंड उघडून केसरबाईच्या सुकल्या छातीवर शोधायला लागली. एकदा, दोनदा. मिळेना तशी चिडली. चेहरा लाल केला आणि असा भोकाड पसरला की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. गेले पंधरा दिवस हे लेकरू इतक्या मोठ्यानं कधी रडलं नव्हतं.

केसरबाई हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काय ठरवलं होतं ते ती साफ विसरली.

"दीपिका! अवं दीपिका, ऊठ नं! भूक लागली वो तिले! भूक लागली!"